कळलावीचे पाच गड्डे

तांडा, ता. कळंब
सोमवार, १८ ऑगस्ट २०२५

प्रिय बबिताताई,

नमस्कार. इकडे सगळे बरे आहेत. याडीचे गुडघे दुखतात, आपल्या आईचं तोंड मात्र चालते.

यंदा तीजेचा मांडव मीच सजवला. रानातली कळलावी कुंपणावर चढवायला मला तीन वर्षं लागली, पण यंदा काय लालभडक फुलली म्हणून सांगू! पोरींनी तीजेला पेरलेल्या गव्हाच्या टोपल्यांभोवती तीच फुलं बांधली. हंसाबाई काकी ओरडली, "इखाचं झाड दारात कायले लावलं वं?" मी म्हटलं, काकी, फुलं पाहायची असतात, खायची नसतात.

फोन करणार होते. पण जिजाजीच उचलतात आणि भर दुपारी म्हणतात, "झोपली हाय ते." म्हणून चिठ्ठी सोनीबाईच्या हाती देते. बांगडीवाल्या बाईला कोणी दारात अडवत नाही. मी आले तर ते ओळखतील.

राखीला अंजूने व्हिडिओ कॉल लावला तेव्हा तुझ्या उशीवर केसांचा पुंजका दिसला. तू म्हणालीस, "आधी पोट बिघडलं, आता केस गयून राह्यले. बोरचं पानी बाधलं म्हन्ते हे." मी अंजूला म्हटलं, गॅलरी दाखव, बाबांनी लावलेली फुलं पाहू दे. "कोन्ती फुलं, मावशी?" तारेवर कपडे वाळत होते. कुंडी एकही नव्हती.

त्यानंतर नऊ दिवस मी स्वतःलाच वेड्यात काढलं. आता लिहितेच.

मे महिन्यात जिजाजी इकडे आले होते. "बबिताले फूल आवडते, गॅलरीत लावतो," म्हणून कळलावीचे गड्डे मागितले. मला केवढा आनंद झाला! फाळासारखे वाकडे, चांगले पाच गड्डे निवडून मीच कागदात बांधले. त्यांनी विचारलं, "कोनी खाल्लं तं काय होते?" सालीने जिजाची थट्टा करायचीच असते ना, मी म्हटलं, "खाऊन पाहा ना जिजाजी! आमच्या बकरीनं खाल्लं. पह्यले हगवन, मंग केस झडले, मंग मेली."

"कोनाले समजलं नाई?"

"कोनालेच नाई." तेव्हाही मी हसतच होते गं.

गेल्या वर्षी तू पाठीवर वळ घेऊन आलीस, तेव्हा जिजाजी सुधारतील म्हणून तुला परत धाडणारीही मीच. मला माफ करू नकोस, पण ऐक.

चिठ्ठी सोनीबाईला परत दे. त्यांच्या हातचा चहासुद्धा घेऊ नकोस, अंजूलाही देऊ नकोस. पिशवी भरू नकोस. आहात तशा दोघी सोनीबाईसोबत निघा आणि यवतमाळची गाडी धरा. मी उद्या पहाटेपासून तिथल्या स्टँडवर असेन. तिथून थेट दवाखान्यात जाऊ. डॉक्टरांना झाडाचं नाव मी सांगेन, गड्डे कोणी दिले तेही सांगेन.

आज सकाळी सगळं कुंपण उपटून जाळलं. याडी विचारत होती काहून, तिला अजून काही बोलले नाही.

शेवटची गाडी येईपर्यंत मी स्टँड सोडणार नाही. तू तिच्यातही नसलीस, तर पोलिसांना घेऊन तुझ्या दारात येईन.

जिच्या हाताने ते गड्डे तुझ्या घरी आले,
ती तुझी धाकटी,
जया