उंदरांच्याच घरचा विषाणू

सर, तुमच्या त्या पेपरचा उल्लेख करणारे लेख अजून निघतात. मागच्या आठवड्यातही एक आला. तुम्ही असता तर शनिवारी ग्रंथालयात जाऊन सायटेशन इंडेक्सचा जाडजूड खंड उघडला असता आणि भिंग घेऊन त्या बारीक टायपात स्वतःचं नाव आणि त्याखाली कोणी कोणी दाखला दिलाय ते शोधलं असतं. ते सापडलं की तुमचा चेहरा पंगतीत आग्रह झालेल्या व्याह्यासारखा व्हायचा. परदेशातून पेपरची प्रत मागणारी पोस्टकार्डं तुम्ही टेबलाच्या काचेखाली सरकवून ठेवायचात, तिकिटं दिसतील अशी. गेलेल्या माणसावर राग धरू नये म्हणतात. मी धरलाय आणि तो उत्तम टिकलाय.

लखनौला तुमच्या प्रयोगशाळेत आले तेव्हा माझ्याशी मराठी बोलणारं तुमचं एकच घर होतं. रविवारी जेवायला तिथेच. त्या वर्षी पूर्वेकडच्या जिल्ह्यांतून मेंदूज्वराने दगावलेल्या मुलांचे नमुने आले होते. ते मी उंदरांच्या नवजात पिल्लांच्या मेंदूत टोचायची, मग त्या पिल्लांच्या मेंदूचा अर्क पुढच्या पिल्लांना, अशा फेऱ्यांवर फेऱ्या. अखेर पिल्लं लुळी पडली आणि नवा विषाणू सापडला म्हणून तुम्ही पेढे वाटलेत. मला झोप लागेना. काकू तव्यावर थालीपीठ थापतायत, तुम्ही ताटावर बसलाय आणि मी धीर करून म्हणते, ‘‘सर, कंट्रोल म्हणून एका वेतातल्या पिल्लांना नुसतं मिठाचं पाणी टोचून तशाच फेऱ्या करून पाहू या. विषाणू आपल्या उंदरांच्याच अंगातला असला तर?’’

‘‘अगं, पिल्लं आधीच कमी पडतायत, दिल्लीवाले रोज फोन करतायत, आणि तुला मिठाच्या पाण्यावर वेत उडवायचंय? कंट्रोल त्यांना लागतो, ज्यांना स्वतःवर भरवसा नसतो.’’

काकू म्हणाल्या, ‘‘तिचं ऐकून तरी घ्या.’’ तुम्ही म्हणालात, ‘‘तू थालीपीठ बघ, करपतंय.’’

पेपर छापून आला. पिल्लं टोचणारे हात माझे, तक्ते माझे, पहिला खर्डाही माझा. नाव तुमच्या एकट्याचं. माझं नाव शेवटच्या आभारांत, प्राण्यांची देखभाल केल्याबद्दल. मी विचारलं तेव्हा तुम्ही अमीनाबादच्या बाजारातून आणलेली चिकनकारी भरतकामाची साडी पुढे केलीत. म्हणालात, ‘‘नावाचं काय घेऊन बसलीस? उद्या लग्न होईल, आडनाव बदलेल, मग लोक तुला शोधणार कुठल्या नावाने?’’ साडी मी त्याच आठवड्यात भांडीवालीला दिली. तिला ती फार छान दिसायची. लग्न मी पुढे केलं, आडनाव मात्र तेच ठेवलं, निव्वळ तुमच्यामुळे.

ऐंशी सालानंतर मला स्वतःची प्रयोगशाळा मिळाली. पहिलं काम काय केलं असेल? तुम्ही वापरलेल्या वंशाचेच उंदीर मागवले, मिठाचं पाणी टोचलं, तशाच फेऱ्या केल्या. पिल्लं लुळी पडली. विषाणू तोच निघाला, तुमच्या नावाने गाजलेला. तो त्या मुलांच्या अंगात कधी नव्हताच, उंदरांच्या घरचाच होता. माझा लेख स्वीकारला गेला आणि त्याच हिवाळ्यात तुम्ही गेलात. तुम्ही तो वाचायला हवा होतात, याची हळहळ मला तुमच्या जाण्यापेक्षा जास्त वाटली. शोकसभेत संचालकांनी तुमच्या त्या पेपरचे गोडवे गायले. बाहेर आल्यावर एक सहकारी माझ्या कानाशी म्हणाले, ‘‘अब जाने दीजिए, मैडम। आदमी चला गया।’’ मी म्हटलं, ‘‘आदमी गया, पेपर तो नहीं गया।’’ लेखातला एक स्वल्पविरामही मी बदलला नाही.

गंमत पुढेच आहे. तुमच्या पेपरचा उल्लेख तोवर आटत आला होता. माझा लेख आल्यावर तो वाढायला लागला, कारण कंट्रोल न ठेवल्याने काय होतं याचं उदाहरण म्हणून सगळे तुमचाच दाखला देऊ लागले. इंडेक्स फक्त मोजतो, कशासाठी ते विचारत नाही. एकदा माझा विद्यार्थी भक्तिभावाने म्हणाला, ‘‘मैडम, इनका साइटेशन तो आज भी बढ़ रहा है।’’ मी म्हटलं, ‘‘हाँ, बढ़ने दो।’’ आणि दिवसभर मजेत होते.

हे पत्र तुमच्या घरच्या पत्त्यावर टाकता आलं असतं, पण तिथे ते काकूंच्या हाती पडेल आणि त्या एकट्याच माझ्या बाजूने बोलल्या होत्या. तेव्हा राहू दे. एक मात्र इथे लिहून ठेवते. त्यानंतर मी पुष्कळ काम केलं, याहून कितीतरी चांगलं. त्यातलं कोणी काही उद्धृत करत नाही. माझा दाखला देतात तो याच एका लेखाचा, तोही तुमचा दिल्यावर लगेच, त्याच ओळीत. त्या वर्षी मला एवढंच हवं होतं, सर, तुमच्या नावाला लागून माझं नाव. आता ते दरवेळी येतं आणि ते पाहून मला अजूनही आनंद होतो.