डावीकडचं धुकं

ताई, तुला वाकून नमस्कार.

इथे येऊन मी स्वतःच्या हातांनी काय काय केलं ते आधी ऐक. डोळ्यांवर चढवायच्या हेडसेटची गादी, तो टांगायचा लाकडी स्टँड आणि तो घातल्यावर दिसणारी, कॉम्प्युटरवर रचलेली अख्खी खोली. कंपनीत डिग्रीवाले सहा जण आहेत, पण खोली मीच केली.

आमच्या चित्रकार बाईंची नजर अधू झाली आहे. त्यांना मधलं स्पष्ट दिसतं आणि दोन्ही कडांना धुकं. त्यांना दिसतं तसंच बघणाऱ्याला दिसायला हवं. त्या सांगत गेल्या, मी धुक्याचे थर चढवत गेलो. उजवीकडे नऊ लागले. डावीकडे मात्र दोनच थरांत जमलं.

मंगळवारी तपासणाऱ्या मुलीने हेडसेट घातला आणि म्हणाली, "काका, डावीकडे धुकं नावालाच आहे."

मी म्हटलं, "आधी स्वतःचे डोळे तपासून घे." मग मी घातला. धुकं होतं, चांगलं दाट.

बाई हसल्या नाहीत. "आता काढा," म्हणाल्या, "आणि सांगा."

काढला, तरी ते तिथेच होतं.

बाकी तब्येत ठणठणीत, काळजी नसावी. तुझा गुडघा कसा आहे? आणि सहज आठवलं म्हणून विचारतो, अण्णांना आधी कुठल्या बाजूचं दिसेनासं झालं? त्यानंतर किती दिवस ते आपल्याला चेहऱ्यावरून ओळखत होते?

पुढच्या महिन्यात येतोय. भर दुपारी पोहोचेन असंच तिकीट काढलंय. मालक आणखी तीन वर्षं राहायचे बेचाळीस लाख देत होते. मी नको म्हणालो.

तुझा धाकटा