जागा कमी पडल्यास वेगळा कागद जोडावा

३ नोव्हेंबर २०२५, सोमवार

नवी वही. जुनीत कंपनीचा स्टॉक लिहायचो. आता स्टॉक कॉम्प्युटर मोजतो, म्हणून मला दुपारी दोनलाच घरी सोडतात. पंचवीस वर्षं जुन्या स्टोअरकीपरवर मालकाचा एवढा विश्वास क्वचितच बसतो.

दोननंतरच्या वेळेचं काय करायचं, याचं उत्तर अल्लाने आज दिलं. जमातीच्या ग्रुपवर एका फाउंडेशनची जाहिरात आली. सेवा उपक्रम. इथे आखातात मुलांकडे व्हिजिट व्हिसावर आलेले आईबाप दिवसभर फ्लॅटमध्ये एकटे असतात. त्यांच्याजवळ आठवड्यातून तासभर बसायचं आणि त्यांचं ऐकायचं. बिल्डिंगमधल्यांनी टीम करून अर्ज करायचा. ग्रँट बारा हजार दिरहम, म्हणजे पावणेतीन लाखांच्या वरच. टीमला एक प्रकल्प प्रमुख लागतो.

पत्नी जहांआरा टिफिनचे डबे भरत होती. म्हणाली, ऐकायचं काम आहे ना? तुम्हाला जमेल?

मी म्हणालो, ऐकणं या विषयावर मी तासभर बोलू शकतो. बोललो.

५ नोव्हेंबर, बुधवार

टीम तयार. मी प्रमुख, पत्नी जहांआरा, आणि चौथ्या मजल्यावरचा शौकत. शौकत दापोलीकडचा, आमच्या शेजारच्या गावचा. गॅरेजमध्ये सुपरवायझर आहे. हसरा माणूस, पण विचारांची खोली कमी. म्हणाला, अन्वरभाय, आपण म्हाताऱ्यांना सांभाळायचं की त्यांनी आपल्याला? अशा माणसाला सुधारणं हाही सेवेचाच भाग.

फाउंडेशनच्या अनुपमा मॅडमचा अबुधाबीहून फोन. टीममधल्या प्रत्येकाची पार्श्वभूमी तपासणार. पोलिसांचं प्रमाणपत्र, बोटांचे ठसे, स्वतःबद्दलची घोषणा. हे सगळं पुरं होईपर्यंत कोणत्याही म्हाताऱ्या माणसाजवळ सेवेसाठी बसायचं नाही. मी म्हणालो, बरोबर आहे मॅडम, हल्ली कोणाचा भरवसा. मनात शौकत होता.

संकल्प: प्रमुख झाल्यावरही साधं राहायचं.

९ नोव्हेंबर, रविवार

ठसे दिले. मशीनने माझा अंगठा घेतलाच नाही. तीस वर्षं तसबीहचे मणी फिरवून रेषा झिजल्या असणार. काउंटरवरच्या बाईंना तसं सांगितलं. त्यांनी काच पुसली. मग घेतला.

संध्याकाळी खाली हिरवळीवर खैरुद्दीनचाचा दिसले. वय चौऱ्याहत्तर, मुलाकडे तीन महिन्यांसाठी आलेत. आमच्या यादीतले पहिले लाभार्थी. सेवेला अजून बंदी आहे, म्हणून सेवा केली नाही. नुसता शेजारी बसून पाऊण तास बोललो. चाचांनी डोळे मिटून घेतले. माणूस किती लवकर शांत होतो!

१२ नोव्हेंबर, बुधवार

चाचा हल्ली मी दिसलो की उठून पुढच्या बाकावर जातात. मी तिथे गेलो की त्याच्या पुढच्या. काल पाच बाक झाले. प्रकल्प अहवालात ‘व्यायाम’ हा वेगळा मुद्दा घालावा.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

पोलिसांची प्रमाणपत्रं आली. तिघांचीही स्वच्छ. माझ्यापुढे लिहिलंय, कोणतीही नोंद नाही. शौकतपुढेही अगदी तेच शब्द. जरा वाईट वाटलं. एकोणपन्नास वर्षं जगलेल्या माणसाबद्दल एवढंच? पोलिसांना माझ्याबद्दल काहीच माहीत नाही.

१५ नोव्हेंबर, शनिवार

घोषणेचा फॉर्म आला. प्रश्न सातवा: आपल्या हातून आजवर कोणाचं नुकसान, फसवणूक अथवा गैरवर्तन झालं आहे काय? असल्यास तपशील द्यावा. जागा कमी पडल्यास वेगळा कागद जोडावा.

शौकतने उभ्याउभ्या ‘नाही’ लिहिलं आणि गाडीची किल्ली फिरवत गेला. जहांआराचे हात पिठात होते. तिने हुमेराला सांगितलं, माझंही ‘नाही’ टाक गं. हुमेरा आमची मुलगी, बारावीत. मला म्हणाली, अब्बा, जस्ट राइट नो. एव्हरीवन राइट्स नो.

मी पेन खाली ठेवलं. गावच्या मराठी शाळेत गुरुजींनी एक गोष्ट मनावर ठसवली होती, उत्तर पूर्ण लिहायचं. शिवाय हा कागद इथे मॅडम वाचतील, पण वर वाचणारा वेगळा आहे. त्याला सगळं पाठ असताना मी ‘नाही’ कसं लिहू? आणि फाउंडेशनलाही कळू दे, प्रमुख कसा असतो ते.

१६ नोव्हेंबर, रविवार

पहाटे फजरच्या नमाजानंतर लिहायला बसलो. दुपारच्या जोहरपर्यंत नऊ बाबी झाल्या. चौथीत गुरुजींची छडी विहिरीत टाकली, मार दुसऱ्याला बसला. शेजारच्या बागेतल्या काजूबिया विकून बर्फाचे गोळे खाल्ले. चौदाव्या वर्षी एसटीत अकरा वर्षांचा झालो आणि हाफ तिकीट काढलं. लिहिता लिहिता डोळे भरून आले. अक्षर मात्र छान आलंय.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

अकरा पानं, तेवीस बाबी. हुमेराने स्कॅन करून पाठवलं. मधली दोन पानं वाचून म्हणाली, अब्बा, यू आर सो कुक्ड. कुक्ड म्हणजे शिजलेला, एवढं कळलं; पुढचा अर्थ विचारला नाही. सुरावरून कौतुक वाटलं.

२४ नोव्हेंबर, सोमवार

अनुपमा मॅडमचा स्वतः फोन. म्हणाल्या, बारा वर्षांत वेगळा कागद जोडणारे तुम्ही पहिलेच. मी आभार मानले. म्हणाल्या, तसं नाही हो अन्वरभाई. उमेदवाराने स्वतः जाहीर केलेली बाब आम्हाला सोडून देता येत नाही. प्रत्येक बाबीत संबंधित व्यक्तीचं एनओसी लागेल. मी म्हणालो, तेवीस? म्हणाल्या, तेवीस. दहा डिसेंबरच्या आत.

या देशात एनओसीशिवाय पान हलत नाही, हे मी व्हिसापासून घर भाड्याने घेण्यापर्यंत बघत आलोय. सोळा दिवसांत तेवीस. रोज दीड. सहज होईल.

२६ नोव्हेंबर, बुधवार

गुरुजी केव्हाच वारले. एसटीचा कंडक्टर कोण होता, हे एसटीलाही माहीत नसावं. काजूवाल्यांच्या नातवाला गावी फोन लावला. म्हणाला, चाचा, बाग कधीच विकली, तिथे आता रिसॉर्ट आहे, त्यांचं एनओसी घ्या. रिसॉर्टवाल्याने विचारलं, एसी रूम हवी की नॉन-एसी?

बाब चौदा: शारजात मॅच चालू असताना इशाच्या नमाजात माझं लक्ष स्कोअरकडे होतं. त्यापुढेही कॉम्प्युटरने छापलंय, ‘संबंधित पक्षाचं लेखी ना हरकत पत्र जोडावे.’ बराच वेळ त्या ओळीकडे बघत बसलो. अर्ज रोज पाच वेळा जातो. लेखी काही अजून आलेलं नाही.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

बाब सतरा जहांआराची आहे. निकाहाच्या वेळी तिच्या अब्बांना मी सांगितलं होतं, मला इंग्रजी टायपिंग येतं. येत नव्हतं. अजूनही येत नाही.

ती म्हणाली, तुमच्या त्या टायपिंगवर भुलून अब्बांनी बँकेतला मुलगा नाकारला होता. मी म्हणालो, बघ, म्हणजे भलंच झालं. ती म्हणाली, एनओसीचं विचार करून सांगते. चोवीस वर्षांत तिने विचार करायला वेळ कधी मागितला नव्हता. गोष्ट मनावर घेतलीय, हे चांगलं लक्षण.

३० नोव्हेंबर, रविवार

बाब एकोणीस. शौकतला चहाला बोलावलं.

गावाहून येणाऱ्याने इकडच्यांची पार्सलं घेऊन यायची, ही आमची रीत. ती वाटेत उघडायची नाहीत, ही दुसरी रीत. २००९ मध्ये शौकतच्या आईने माझ्याकडे फणसपोळीच्या चार वळकट्या दिल्या होत्या. विमान समुद्रावर असताना एक गेली. उतरेपर्यंत दुसरी. शौकतला मी दोन दिल्या.

वाटलं, हा हसेल. हसला नाही. म्हणाला, अन्वरभाय, मी तेव्हा आईला फोन केला होता. विचारलं, एवढंच पाठवलंस? ती म्हणाली, बाळा, चार घातल्या होत्या रे. मी म्हणालो, वय झालं तुझं, दोनाच्या चार सांगतेस. दुसऱ्या वर्षापासून तिने पाठवणंच बंद केलं.

मग उठून गेला. चहा तसाच राहिला. कबूल करून मला तर फार हलकं वाटलं. त्याला का वाटलं नाही, कळत नाही.

४ डिसेंबर, गुरुवार

शौकतचं पत्र आलं. दोनच ओळी. ‘फणसपोळीबाबत हरकत नाही. आईबाबत माझं मी बघतो.’

जहांआरा म्हणाली, परवा नॅशनल डेच्या सुट्टीत तो आईशी फोनवर दोन तास होता. ती बोलत होती आणि हा नुसता ऐकत होता. त्याच्या बायकोला वाटलं, कोणी वारलं. हा माझ्या प्रकल्पाचा पहिला परिणाम. नोंदवून ठेवतो.

१० डिसेंबर, बुधवार

तेवीसपैकी एक.

मॅडमचा फोन. ग्रँट मंजूर! पण माझी फाइल बंद होत नाही, म्हणून प्रमुख शौकत. मी विचारलं, मग मी कोण? म्हणाल्या, तपासणी पुरी न झालेला माणूस म्हाताऱ्यांजवळ बसू शकत नाही. शिवाय खैरुद्दीनचाचांनी फोन करून विचारलंय, तो बाकावरचा माणूस तुमचाच का. म्हणजे चाचांना आठवण येते.

मी म्हणालो, मॅडम, या पूर्ण उपक्रमात तपासणी लागत नाही असं एकही पद नाही का? मॅडमनी कागद चाळल्याचा आवाज आला. मग म्हणाल्या, एक आहे.

१२ डिसेंबर, शुक्रवार

लाभार्थ्याची पार्श्वभूमी तपासत नाहीत. वयाची किंवा व्हिसाची अटही नाही. फक्त घरच्या माणसाला लेखी द्यावं लागतं. उपक्रम आतून समजून घ्यायला याहून चांगली जागा नाही, म्हणून मी होकार दिला.

टायपिंगचं एनओसी अजून विचारात आहे. हे पत्र मात्र जहांआराने जेवण वाढायच्या आधीच लिहून दिलं. ‘माझे पती रोज अडीच वाजता घरी येतात. मी किचनमध्ये असते, मुलगी क्लासला असते. त्यांच्याशी बोलायला कोणी नसतं. आम्ही घरी असलो तरी होत नाही.’

मी म्हणालो, जरा अतिशयोक्ती आहे, पण ग्रँटच्या कामात चालते.  तिने मला न विचारता आणखी भात वाढला.

१६ डिसेंबर, मंगळवार

पहिली बैठक. वेळ चार ते पाच. मी तीनलाच इस्त्रीचा शर्ट घालून बसलो, म्हणजे शौकतची पंचाईत व्हायला नको.

आला. सलाम केला, मोबाइल बंद करून खिशात टाकला आणि म्हणाला, बोला अन्वरभाय. मला वाटलं होतं, याला जमायचं नाही. पण मध्ये बोलला नाही, घड्याळ बघितलं नाही. मी गावापासून सुरुवात केली. विहीर झाली, गुरुजी झाले, काजूबिया झाल्या. पहिल्यांदा विमानातून उतरलो, त्या संध्याकाळपर्यंत आलो, आणि पाच वाजले.

मी म्हणालो, बस थोडा, आता खरी गोष्ट सुरू होते. म्हणाला, अन्वरभाय, आज खलास, खैरुद्दीनचाचा वाट बघतायत. जाताना अहवालावर सही घेतली. ‘लाभार्थ्याला बरं वाटलं का?’ समोर दोनच चौकटी होत्या. मी ‘हो’वर खूण केली.

पुढची बैठक पुढच्या मंगळवारी. मध्ये सात दिवस. वेळापत्रक कोणी आखलंय कोण जाणे. मी प्रमुख असतो तर रोज ठेवलं असतं.