थोरली कापायची नाही

प्रिय जाऊबाई,

करवत अजून थोरलीतच अडकलेली आहे. बोटभर आत गेली तेव्हा मी मध्ये हात घातला. सुतार म्हणाला, 'काकू, हात काढा, तुटेल.' मी विचारलं, 'काय तुटेल, हात की शिडी?' तो म्हणाला, 'करवत.' मग मी हात काढला नाही, हे तुला सांगायला नकोच. तू फोनवर काय म्हणालीस ते मी त्याच्याकडून दोनदा वदवून घेतलं. भिंतीला लागून कापा, त्यांच्या बाजूनेच कापा, भोक बुजवून टाका, पण माझं घर उघडू नका. शेवटचं वाक्य त्याने तुझ्यासारखं मान वळवून म्हणून दाखवलं. मग चिडून, चहाही न घेता, करवत तशीच टाकून गेला. माझा फोन तू उचलत नाहीस, म्हणून हे लिहिते आहे. पत्र निदान उघडावं तरी लागतं.

शिडी कापा म्हणताना ती तुझ्या डोळ्यांपुढे आली का, कोण जाणे. माझ्या घरातून तिचा निम्मा भाग दिसतो, तुझ्या घरातून निम्मा. घरात असताना पुरी शिडी आपण दोघींनी कधी पाहिलीच नाही. लाकूड तुझ्या सासऱ्यांचं, मेहनत माझ्या सासऱ्यांची, आणि दोघांपैकी एकालाही ती दुसऱ्याच्या घरात ठेवणं मंजूर नव्हतं. एका घरात ती मावलीही नसती. मग दोघांनी मधल्या भिंतीला गुडघाभर उंचीवर भोक पाडलं आणि ती आरपार आडवी घातली. काढायची तर इकडून एकाने ढकलायचं आणि तिकडे दुसऱ्याने तुझ्या घराच्या बोळाकडच्या खिडकीतून ती बाहेर ओढायची. एकट्या घराला काढता येऊ नये, हाच हिशोब होता. म्हाताऱ्यांनी एकमेकांवर पहारा बसवला आणि संसार आपल्याला करायला लावला.

मी लग्न होऊन आले तेव्हा सासूबाई दारातच म्हणाल्या, 'आत थोरली आहे, तिला पाय लावू नकोस.' मी पदर सावरून घरभर थोरल्या जाऊबाईंना शोधत फिरले. मागून तू आलीस, तुलाही तेच सांगितलं गेलं. तू हुशार. भोकाशी वाकून मलाच विचारलंस, 'थोरली म्हणजे तूच का गं?' तेव्हापासून आपण जावा. नात्याने कुणीच नाही, पण गावात नवीन आलेल्याला हे पटवून देता देता आपली निम्मी हयात गेली.

त्या भोकातून काय गेलं नाही? मीठ, काड्यापेटी, तापाच्या गोळ्या, माझ्या सासूची कागाळी, तुझ्या सासूची कागाळी. तुझा लेक रांगायला लागला तेव्हा पायऱ्यांमधून वाट काढत माझ्या चुलीपाशी निघायचा, आणि तू अंगणभर हाका मारत फिरायचीस. मी मुद्दाम ओ द्यायची नाही. आज तोच मला फोनवर 'काकू, आई कामात आहे' सांगतो. त्याला सांग, काकूला तुझे खोटं बोलतानाचे कान अजून आठवतात, लाल व्हायचे.

आणि ते कोंबड्यांचं भांडण. तुझ्या कोंबड्यांनी माझी रोपं उकरली आणि आपण महिनाभर बोललो नाही. भोकाला तू तुझ्याकडून पोतं लावलंस, मी माझ्याकडून. मग एके दिवशी गिरणीवाला आला, थोरली हवी होती, त्याच्या धुराड्यावर पक्ष्याने घरटं केलं होतं. दोन्ही पोती काढावी लागली. तू तिकडून म्हणालीस, 'ढकल.' मी म्हणाले, 'ओढ.' शिडी निम्म्यात अडली. तू म्हणालीस, 'ढकल की, सकाळी जेवली नाहीस का?' मी म्हणाले, 'जेवले, तुझ्या कोंबडीची अंडी.' गिरणीवाला बोळात ताटकळला आणि आपण दोघी भिंतीच्या दोन बाजूंना हसत बसलो. या आळीत कुणाचंच भांडण त्याहून लांबलं नाही, कारण कुणाला ना कुणाला थोरली लागायचीच. आपलं आत्ताचंच तेवढं लांबलं. आणि हे भांडणही नाही. भांडण असतं तर मला जमलं असतं.

आता जे लिहायचं आहे ते लिहिते. त्या दिवशी शाळेच्या घंटेची दोरी तुटली होती. भावोजी वर चढले, हे खाली होते. नेहमीसारखंच. चढणारे भावोजी, धरणारे हे. दोघांनी उभा जन्म हे असंच केलं. भावोजींना अंगणात आणून ठेवलं तेव्हा तू ह्यांना एकच विचारलंस. 'तुम्ही खाली होतात ना? मग काय करत होतात?' ह्यांनी हात पाठीमागे घेतले. आळीतल्या माणसांनी थोरली परत भिंतीत सरकवली, आणि त्याच आठवड्यात तू कुलूप लावून लेकाकडे गेलीस.

ते शिडी धरून होते. एवढंच उत्तर आहे. भावोजींनीच ह्यांना शिकवलं होतं, काहीही झालं तरी हात सोडायचे नाहीत, मी वरून ओरडलो तरी नाहीत. शाळेच्या बाई सांगतात, भावोजी जमिनीवर होते, माणसं धावली होती, तरी ह्यांचे दोन्ही हात शिडीवरच होते. बाईंनी एकेक बोट सोडवलं. शिडी केसभरही हलली नव्हती. डॉक्टर म्हणाले, छातीतली कळ वरच आली, हात त्यानंतर सुटले. तुलाही हे सांगितलं होतं. तुझ्या कानावरून ते गेलं, ह्यांच्याही गेलं. हे मला फक्त एकच विचारायचे, 'मी शिडी सोडली असती तर झेललं असतं का गं?' मी नाही म्हणायची. पुढे विचारणं थांबलं. आता हात धुतले की ते हातांकडे पाहत उभे राहतात, पाणी ठिबकत असतं. ते विचारतायत हे मला कळतं.

तेव्हापासून हा माणूस काही धरत नाही. बाजारातून आणलेली पिशवी मीच उचलते. कुणी आलं की ह्यांचे हात पाठीमागे. आज सुतार म्हणाला, 'काका, जरा टोक धरा,' तर हे परसात निघून गेले. करवतीचा आवाज थांबला तेव्हा आत आले. सुतार नव्हता, मी शिडीशेजारी फतकल मारून बसलेली. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग करवतीकडे. वाकले, आणि कापलेल्या जागेवर बोट फिरवलं. जाऊबाई, त्या दिवसानंतर पहिल्यांदा. म्हणाले, 'लोखंडी पट्टी मारली तर टिकेल.' आणि परत परसात गेले.

तू घर का उघडू देत नाहीस, तेही मला माहीत आहे. दुपारी मी वाकून भोकातून टॉर्च मारते. रागावू नकोस, सवय आहे. भावोजींचा सदरा खुंटीवर आहे, त्यांनी टांगला होता तसाच, एक बाही उलटी. तो तसाच राहावा म्हणून तू कुलूप लावलंस. पण बोळाच्या बाजूची कौलं घसरली आहेत. भिंतीवरून पाणी उतरतं, आणि ओल आता खुंटीच्या वर वीतभर अंतरावर आली आहे. कुलपाने सदरा वाचणार नाही. छप्पर शाकारल्याने वाचेल, आणि तुझ्या छपराला पुरेल अशी शिडी गावात एकच आहे.

तेव्हा हे पत्र विचारण्यासाठी नाही, कळवण्यासाठी आहे. विचारलं तर तू नाही म्हणशील आणि मला तुझा शब्द मोडावा लागेल. त्यापेक्षा न विचारलेलं बरं. सुताराला निरोप धाडला आहे, करवत हवी असेल तर सकाळी लोहाराला घेऊन ये. लोहार पट्टी मारेल आणि तुझं दार उघडेल. मी इकडून ढकलेन, तिकडून हे ओढतील. तसं मी ह्यांना सांगितलं आहे. वर मी चढणार. सुताराला चढवता आलं असतं, पण ह्यांच्या हातात परत कुणाचा जीव द्यायचा तर तो माझाच द्यायला हवा. दुसऱ्याचा देण्याचा मला हक्क नाही. माझे गुडघे जिन्यावर कुरकुरतात, शिडीवर नाही. सदऱ्याला कुणी हात लावणार नाही, मीसुद्धा नाही. काम झालं की थोरली बोळात भिंतीशी आडवी ठेवीन. ज्याला लागेल तो नेईल. आत घ्यायची तर दोन घरं लागतात, आणि ते मी एकटीने करणार नाही. तू आलीस की बघू. नाही आलीस तर ती बोळातच राहील. कापायची नाही.

तुझीच,
मधली जाऊ

सकाळी. पाकीट बंद करायचं राहिलं होतं. लोहाराने कोयंडा उचकटला, कुलूप शाबूत आहे. पट्टी बसली, सुताराला करवत मिळाली. तुझ्या घरात हे एकटेच गेले. थोड्या वेळाने भोकातून 'ढकल' म्हणाले. कौलं नीट बसवली, फुटलेली बदलली. कोयंडा पुन्हा ठोकून घेतला, किल्ली तुझ्याकडेच आहे. मी खाली उतरले तेव्हा हे शिडी धरून उभे होते. मी म्हणाले, 'उतरले मी. आता सोडा.' त्यांनी सोडली.