बोंडूचे टाके

कुडाळ,
९ नोव्हेंबर २०२५

प्रिय शेवंतीताई,

तुला नि भावोजींना नमस्कार. इथे आम्ही सगळी ठीक. भावोजींचा गुडघा आता कसा आहे? तुझी संजना शाळेत शिकवायला लागली हे कळलं, फार बरं वाटलं.

फोन असताना पत्र कशाला, असं म्हणशील. फोनवर मी बांगडे गावले का विचारतो, तू 'गावले रे, खूप गावले' म्हणतेस, आणि बोलणं तिथेच संपतं. म्हणून आज कागद घेतला.

गेल्या आठवड्यात आम्हा जनावरांच्या डॉक्टरांचं कुडाळात तीन दिवसांचं प्रशिक्षण झालं. कुत्र्यामांजरांची ऑपरेशनं नीट कशी करावीत याचं. पुढच्या वर्षी निवृत्त होणारा मी पहिल्या बाकावर! शिकवायला डॉक्टर रिया, वय एकोणतीस. पहिला तास नुसता हात धुण्याचा. नखांखाली, बोटांच्या बेचक्यांत, कोपरापर्यंत, घड्याळ लावून पाच मिनिटं. मंगेश डॉक्टर माझ्या कानात म्हणाला, "आमका काय हात धुवूक येनत नाय?" मी हसलो. पण घड्याळाकडे बघताना लक्षात आलं, तीस वर्षांच्या नोकरीत इतका वेळ मी कधीच हात धुतले नाहीत.

मग तिने एकेकाला विचारलं, तुम्ही ऑपरेशन केलेलं पहिलं कुत्रं कुठलं? माझी पाळी आली तेव्हा मी म्हटलं, "आठवत नाही, मॅडम."

खोटं बोललो. आपली बोंडू होती.

काजूच्या बोंडासारखी तांबूस, म्हणून तूच नाव ठेवलंस. तू माशांची पाटी डोक्यावर घेऊन आचऱ्यातल्या वाड्यांतून फिरायचीस आणि ही तुझ्या पुढे. कुठल्या घरी मासे घेतात ते तिला पाठ. तू पोचायच्या आधी त्या पायरीशी जाऊन बसलेली. भावोजींची होडी आम्हाला दिसायच्या आधी ती वाळूत उभी राहून शेपूट हलवायची. दवाखाना बंद करून मी तुझ्याकडे यायचो. तू पेज वाढायचीस, वर सुकटाची चटणी. भिंतीला टेकून जेवताना बोंडूचं डोकं माझ्या पायावर असायचं. तू म्हणायचीस, "माझ्यापरास तिका तूच जास्त." ताई, त्यानंतर माझी बदली झाली, घर झालं, सगळं झालं. तसं जेवण मात्र परत कुठे जेवलो नाही.

दर वर्षी पिल्लं होऊन ती थकते, ऑपरेशन करून टाकू, हे मीच म्हटलं. तू घाबरलीस. "रे, तू गायी-म्हशींचो डॉक्टर. तुका जमतला मां?"

"जमतला गो," मी म्हटलं.

कॉलेजात हे ऑपरेशन दुसऱ्याला करताना एकदा पाहिलं होतं, तेवढंच. लसीचे डबे ठेवायच्या टेबलावर तिला निजवलं. अवजारं उकळली होती, हातमोजे नव्हते. आणि मला घाई होती, पुढे कुठल्याशा गावात लसीकरण होतं.

ऑपरेशननंतर तिला तुझ्या ओटीवर आणून ठेवल्यापासून तू तिच्याजवळून हलली नव्हतीस. दुपारी होड्या लागल्या म्हणून तासभर किनाऱ्यावर गेलीस. परत आलीस तर ती गार पडली होती. तुझ्या निरोपावर मी धावत आलो. तिला गुंडाळायला जुनं लुगडं आणायला तू आत गेलीस. इथपर्यंतचं तुलाही माहीत आहे.

प्रशिक्षणाच्या तिसऱ्या दिवशी रियाने माझ्याकडून एका कुत्रीचं हेच ऑपरेशन करून घेतलं. भूल नीट चढली का, श्वास कसा चाललाय, दुखू नये म्हणून इंजेक्शन दिलं का, सगळं विचारत होती. मी पोट शिवायला सुई उचलली तशी म्हणाली, "थांबा सर. आत रक्तवाहिनीला बांधलेली गाठ परत बघायची. मनात शंका नसली तरी बघायची." मी बघितलं. गाठ घट्ट होती, आत सगळं कोरडं होतं. पण सुई मी तिच्या हातात दिली, पुढचे टाके तिनेच घातले.

ताई, तू लुगडं आणायला गेलीस तेव्हा बोंडूचे टाके जसेच्या तसे होते. ते मी कापले. ती का गेली ते मला बघायचं होतं. पोट रक्ताने भरलेलं होतं. मी बांधलेली आतली गाठ सुटली होती.

तेवढ्यात तू बाहेर आलीस. उघडं पोट बघून विचारलंस, "टाके तिनाच तोडल्यान?"

मी म्हटलं, "होय."

तू कपाळावर हात मारून घेतलास. "माका थंयच रवाक व्हया होता," म्हणालीस. मी गप्प राहिलो. पुढे तुझ्या निलेशने पिल्लू आणलं, ते तू परत पाठवलंस. "माझ्याकडसून राखण होवची नाय." तेव्हाही मी तुझ्या ओटीवरच बसलो होतो, ताई, तेव्हाही गप्पच. तू उन्हातान्हात पाटी वाहिलीस म्हणून मी डॉक्टर झालो, आणि त्याच डॉक्टरकीचा मान सांभाळायला तुला पंधरा वर्षं दोषी ठेवलं.

तू तिथेच बसून असतीस तरी ती वाचली नसती. हे एवढं मात्र माझ्यावर विश्वास ठेवून मान.

सुई का दिली, ते नंतर रियाला सांगितलं. ती रागावली नाही. "ताईंना माहीत आहे?" एवढंच विचारलं. जानेवारीत मालवणात नवीन डॉक्टरांची तुकडी येणार आहे, त्यांना हे सगळं तुम्ही स्वतः सांगाल का, असं म्हणाली. मी म्हटलं, सांगेन, पण आधी ताईला.

पुढच्या रविवारी मी आचऱ्याला येतो. तुझ्या मनात असेल ते तोंडावर बोल, मी मान खाली घालून ऐकेन. बोलावंसं वाटलं नाही तर दार लावून घे. तोही तुझा हक्क आहे.

तुझ्यावर टाकलेला दोष पंधरा वर्षांनी स्वतःकडे मागून घेणारा,
तुझा धाकटा भाऊ
गुणाजी