वॉलबीची ओटी

साखरखेर्डा

रा. रा. भगवंतराव व्याही, मु. हिवरा आश्रम, यांस जानरावाचा घरचा रामराम.

तुमचा गुडघा आता मांडी घालू देतो का, विहीणबाईंचा दमा कसा आहे, कळवावं. आम्ही उभयता ऑस्ट्रेलियाहून सुखरूप परतलो. पत्र अशासाठी, की फोनवर तुम्ही मधेच बोलता (राग नसावा, सगळेच व्याही बोलतात). "नोकरी पुरे, आता नातवाचं तोंड दाखव" हा सुनेसाठी तुमचा निरोप आणि विहीणबाईंचं ओटीचं सामान, दोन्ही घेऊन गेलो होतो. (नारळ-गहू विमानतळावरच काढून घेतले. हळदकुंकू वाचलं.)

आमची अनुपमा तिथल्या प्राणिसंग्रहालयात नेमकं काय करते, हे मला तिच्या लग्नातही सांगता आलं नव्हतं. तिथे वॉलबी नावाचं जनावर आहे, कांगारूची धाकटी बहीण म्हणा. जगात थोड्याच उरल्यात. कोणती माजावर आली, कोणती गाभण राहिली, हे पोरगी लेंड्या तपासून सांगते. कोणाची लेंडी कोणती कळावी म्हणून प्रत्येकीच्या खाण्यात वेगळ्या रंगाची चमकी; ती लेंडीत तशीच उतरते. मी म्हशींच्या दलालीवर घर उभं केलं. म्हैस रेकली की गोठ्याबाहेरून सांगतो. तिथेही कुंपणाला कान लावला. "बाबा, हे तुमच्या म्हशीवानी रेकत नाही," पोरगी म्हणाली.

मग तिने व्हिडिओ दाखवला. पिल्लू जन्मतं शेंगदाण्याएवढं, आंधळं. आईच्या पोटावरचे केस धरत एकटंच वर चढतं आणि पिशवी गाठतं. आणि पिशवीत एक असताना दुसरा गर्भ राहिला, तर आई त्याला पोटात तसाच थांबवून ठेवते. पिशवी मोकळी होत आली की वाढू देते. भगवंतराव, टोपी कधी काढून हातात घेतली, मला कळलं नाही.

घोटाळा पुढे झाला. निळ्या चमकीवालीला दिवस गेले असावेत, हे आमच्या मंडळींनी, शालूबाईंनी, ऐकलं आणि मूठभर तांदूळ, हळदकुंकू कुंपणावरून आत. "पोटुशीची ओटी रिकामी काऊन ठेवायची?" सकाळी लेंड्या अशा लाल, की खालची चमकी कळेना. तपासणी बाद, पोरीला वरिष्ठ बाईंची बोलणी. घरी येऊन ती आईला एवढंच म्हणाली, "माय, तिची भरली ते बरं झालं. ते ओटीचं सामान माह्यासमोर काढलं असतं, तर मी रडली असती."

लोभ आहेच, तो असाच राहू द्या.

आपला,
जानराव

ता. क. : तुमचा निरोप दिला नाही. परत आणला आहे.

आणखी एक : विहीणबाई रविवारी फोनवर "काही गोड बातमी?" विचारतात, तेव्हा सून काय बोलते ते तुम्ही ऐकता. फोन ठेवल्यावर ती किती वेळ गप्प बसते, ते मी पलीकडच्या खोलीतून ऐकलं. विचारल्याशिवाय राहवतच नसेल, तर वॉलबीचं विचारत जा. पोरगी तासभर बोलते.