ग्रुपवर हात जोडले, बोललं कोणी नाही

माय, हात जोडले त्यांनी. मी सरळ प्रश्न विचारला, आणि तुझ्या पोरानं, सुनेनं, धाकट्या पोरीनं, सगळ्यांनी मिळून मला हात जोडून दाखवले. खरे हात असते तर मी काही म्हटलं नसतं. हे फोनवरचे, चित्रातले, नखाएवढे. तू गेलीस तेव्हा आपल्या गावात एकच फोन होता, किराणा दुकानात, आणि त्याच्यावर ओरडून बोलावं लागायचं. आता प्रत्येकाच्या खिशात फोन आहे आणि तोंड कोणी उघडत नाही. तुला समजावं म्हणून सांगते. घरच्या सगळ्यांचा फोनवर एक ग्रुप आहे, म्हणजे असं समज की सगळे एका ओसरीवर बसलेत, एकानं लिहिलं की सगळ्यांना दिसतं. पण लिहीत कोणी नाही. चित्रं टाकतात. पिवळी तोंडं असतात, हसणारी, रडणारी, जीभ काढलेली. लाल बदाम असतो, अंगठा असतो, दंड फुगवलेला एक हात असतो. माझी पोरगी म्हणते त्याला इमोजी म्हणतात. म्हणत असतील.

झालं असं. तुझी धाकटी बहीण, आपली किरनापूरची मावशी, आंगणात पडली. डॉक्टर म्हणाला हाड मोडलं नाही, पण कंबर गेली, आता एकटीनं राहायचं नाही. तिला ना मूल ना बाळ, मावसाजींना जाऊन कितीतरी वर्षं झाली. शेजारीण भात-वरण आणून देते, तीच मला फोनवर म्हणाली, ताई, मी कुठवर पाहू. तर मी पोरीला समोर बसवलं आणि ग्रुपवर लिहून घेतलं, की मावशी पडली, एकटी राहू शकत नाही, तिला कोण नेणार? मी म्हणते पाळी लावू, चार महिने दादाकडं नागपूरला, चार महिने माझ्याकडं बालाघाटला, चार महिने लहानीकडं भोपाळला. हौ का नाही ते सांगा.

तर काय आलं सांगू? दादाचे जोडलेले हात. त्याचे ते सकाळपासून जोडलेलेच असतात, कोणी मेलं तरी हात, कोणी पास झालं तरी हात. वहिनीचं गुलाबाचं फूल आणि हात. लहानीची रडणारी तोंडं, एका ओळीत कितीतरी, एक पुरलं नसतं जसं काही. दादाच्या पोरानं तो दंड फुगवलेला हात टाकला. मी पोरीला विचारलं, हा कशासाठी, मावशीला उचलून आणतो म्हणतो का हा? ती हसायला लागली. मग कोणीतरी सूर्य उगवल्याचं चित्र टाकलं, त्याच्या खाली कोणाच्या तरी वाढदिवसाचा केक आला, केकवर सगळ्यांनी बदाम टाकले, आणि मावशी वर सरकून दिसेनाशी झाली.

माझी पोरगी मला समजावते. तिची मराठी तुला आवडली नसती, अर्धी हिंदीच असते. म्हणते, "मम्मी, रिऍक्ट करना भी तो जवाब ही है. सब ऐसेच करतात." मी म्हटलं, परवा त्या शिक्षिका बाईनं माझ्याकडं ब्लाउज शिवायला टाकला, मी विचारलं बाही कोपरापर्यंत ठेवू का वर, तर तिनं अंगठा आणि फूल पाठवलं. आता मी अंगठ्याच्या मापानं बाही कापू का फुलाच्या? पोरगी म्हणाली, "तुमसे बात करनाच बेकार है." तेवढं तरी तोंडानं म्हणाली.

मला तुझी आठवण आली ती धानाच्या रोवणीच्या दिवसांतली. गावातल्या बाया तुझ्या हाताखाली रोवणीला जायच्या, आज याच्या वावरातल्या बांधीत, उद्या त्याच्या. आदल्या दिवशी सांजच्याला तू दारोदार फिरायचीस आणि मी तुझ्या पदराला धरून मागं. प्रत्येक दारात एकच प्रश्न, "उद्या येतं का वं?" कोणी चूल फुंकत असायची, कोणी पोराला पाजत असायची, कोणी नुसती मुंडी हलवायची. तू हलायची नाहीस. उभीच राहायचीस उंबऱ्याबाहेर. "मुंडी नाई मोजत मी. तोंडानं सांग." ती म्हणायची, "हौ बाई, येतो." मग तू पुढच्या दाराला. एकदा तिकडच्या टोकाची ती जाडी काकू पोराला पाजता पाजता चिडली होती, आठवते का? "एवढी मुंडी हालवली ते दिसली नाई का तुले?" आणि तू म्हणालीस, "दिसली नं. मुंडी तर बैल पण हालवते, त्याले काय मी रोवणीले नेऊ?" ती इतकी हसली की पोराच्या तोंडातलं दूध सुटलं. मग म्हणाली, "येतो वं माय, येतो."

मला तेव्हा लाज वाटायची. परत येताना मी विचारलं होतं, काहून एवढं अडून बसतेस? तू सांगितलंस की एका वर्षी मुंड्यांवर विश्वास ठेवला होता. सकाळी बांधीवर पोचलो तर अर्ध्याही बाया नाहीत. उपटून ठेवलेल्या रोपांच्या पेंढ्या धुऱ्यावर पिवळ्या पडल्या आणि ज्याचं वावर होतं तो तुलाच बोलला. नंतर बायांना विचारलं तर म्हणाल्या, आम्ही कुठं येतो म्हटलं होतं? तेही खरंच होतं, म्हटलं कोणीच नव्हतं. आणि तू आणखी एक म्हणालीस, ते मी तेव्हा सोडून दिलं होतं, आता कानात वाजते. "नाई म्हणणारीचा मले राग नाई येत. ते नाई म्हणते, मी दुसरी पाहतो. मुंडीवालीनं ना इकडचं राहू देलं ना तिकडचं."

घरातही तुझा तोच कायदा. मी रुसून बसलेली, तू विचारलंस भात वाढू का, मी मान हलवली. तू भांडं झाकून ठेवलंस आणि उठून गोठ्यात गेलीस. ताट रिकामं, पोटात आग, आणि मी त्या झाकणाकडं बघत बसले. शेवटी गोठ्याच्या दारात जाऊन "वाढ" म्हणाले, तेव्हा वाढलंस, वरून दह्याची साय टाकलीस.

म्हणून मी दादाला फोन लावला.

"दादा, मावशीचं काय?"

"अवं, देलं नं मी उत्तर ग्रुपवर."

"हात जोडले तू."

"मंग? ते उत्तरच झालं नं."

"उत्तर झालं तर वाचून दाखव मले. काय लिहिलं आहे त्याच्यात?"

तो हसला. म्हणाला, "तू ना बाई, एकदम मायवर गेली." मी म्हटलं गेली तर गेली, सांग. तर म्हणतो ऑफिसात आहे, सांजच्याला बोलतो. सांजच्याला ग्रुपवर त्याचा चंद्र आला, शुभ रात्रीचा.

लहानीला लावला. ती म्हणते, "ताई, मी किती रडली, पाह्यलं नाई का तू?"

"खरंच रडली का?"

मग म्हणते, "मनात रडली."

"मंग मनातच ठेवायचं. मी काय विचारलं होतं?"

तेव्हा तिचा आवाज बदलला. "ताई, घरी विचारावं लागते नं. इथं सासूचं करता करता माहा जीव जाते. कसं हौ म्हणू? नं नाई तरी कसं म्हणू, सगळे पाहतात ग्रुपवर."

माय, एवढ्या सगळ्यात हे पहिलं खरं वाक्य होतं. मी तिला म्हटलं, हेच लिहायला काय झालं होतं? म्हणाली, बरं नाही दिसत. तेव्हा मला समजलं. ती चित्रं बरं दिसायसाठी आहेत. हौ म्हटलं तर अडकतो, नाही म्हटलं तर वाईट दिसतो, म्हणून एक रडणारं तोंड पुढं करायचं आणि आपलं तोंड मागं ठेवायचं. मला राग आला, पण लहानीचा नाही आला. ती बोलली तरी.

मग मी शिलाईची मशीन झाकली आणि किरनापूरची बस धरली. जाताना एक गोष्ट डोक्यात आली आणि मला खिडकीतून बाहेर बघवेना. आम्ही सगळे मावशीचं ठरवायला बसलो होतो, पाळ्या लावत होतो, आणि मावशीला कोणी विचारलं नव्हतं. तू असतीस तर पहिलं तिचंच दार गाठलं असतंस.

मावशी बाजेवर पडलेली होती, वाळून काडी झालेली. कपाळाची ठेवण अगदी तुझी. ज्या शिलाई मशीनवर माझं घर चालते ती हिनंच माझ्या लग्नात दिलेली, स्वतःची, चालती. तेव्हा सगळ्यांसमोर म्हणाली होती, "हे तुह्यी झाली. परत मांगून नाई नेणार." नाही नेली. मी तिला सांगितलं, मावशी, आम्ही चार-चार महिन्यांची पाळी लावतो म्हणतो, चालते का तुला? तिनं मुंडी हलवली. मी म्हटलं, "मुंडी नको हालवू, तोंडानं सांग." ती हसली, कंबर दुखली तरी हसली. "माह्या बाईसारखीच बोलते तू." तुला ती बाईच म्हणायची ना. मग म्हणाली, "नाई चालत. मी काय पाव्हणी हो का, इथून उचलली नं तिथं ठेवली? भोपाळात माह्याशी कोण बोलन? नागपुरात दादा तिसऱ्या माळ्यावर राह्यते, मी उतरन कशी? मले एकाच घरी राहू द्या. कोणतंही असो, एकच."

मी खाली बघत होते. आणि मग तिनं विचारलं, "मंग तू नेतं का मले?"

दोन खोल्या आहेत माय माझ्या. एकीत मशीन, कापड, गिऱ्हाइकांची बसायची जागा, दुसरीत आम्ही तिघं. न्हाणीघर बाहेर. हे सगळं डोळ्यांपुढून गेलं आणि काय उत्तर द्यावं ते तोंडात येईना. मावशी माझ्याकडं बघत राहिली. मग म्हणाली, "इतवारपर्यंत सांग. नाई म्हटलं तरी मले राग नाई. मी दुसरं पाहीन."

तुझंच वाक्य. पण तुला दुसरी बाई मिळायची. हिला दुसरं कोण मिळणार?

घरी येऊन मी यांना सांगितलं. हे शाळेची गाडी चालवतात, ती लावून नुकतेच आले होते, चहा पीत होते. "मावशीले आपल्याकडं आणतो म्हणतो मी." यांनी मान हलवली, डोळे फोनात. मी फोन हातातून काढून घेतला आणि सिलेंडरवर ठेवला. "बोलून सांगा."

"जागा कुठं आहे?"

"मशीन दाराकडं सरकवतो, खिडकीपाशी बाज टाकतो."

"मंग तुह्यं काम कसं चालन?"

"चालवीन."

त्यांनी उरलेला चहा संपवला, कप विसळला, जे ते कधी करत नाहीत. मग म्हणाले, "आण." एवढंच. मला तेवढं पुरलं. आज सकाळी मशीन सरकवली, फरशीवर तिच्या पायांचे चार डाग निघाले, ते अजून घासून जात नाहीत.

आता मी ठेवणार म्हटल्यावर बाकीचे सुटले असं त्यांना वाटेल. आत्ताच अंगठे आणि फुलं यायला लागतील, वहिनी तर मला देवीच करून ठेवेल. ते मला नको. माझी सगळी शाळा हिंदीत झाली, तीही चौथीपर्यंत, हा कागद लिहायला मला दोन दुपारी लागल्या. म्हणून ग्रुपवर लिहीत बसणार नाही, बोलणार आहे, पोरीनं दाखवलं कसं आवाज भरून पाठवायचा ते. हा कागद मात्र कुठं पाठवू, ब्लाउजच्या मापांसोबत गाठोड्यात राहील. त्या आवाजात मी त्यांना एक गोष्ट सांगणार नाही, तुला सांगते. मावशीनं "तू नेतं का?" विचारलं तेव्हा मी गप्प बसले नव्हते, माय. मी मुंडी हलवली होती. आणि ती म्हणाली होती, "मी पण मुंडी नाई मोजत."

त्यांना एवढंच सांगणार आहे. मावशी माझ्याकडं येते, तिच्या दारात उभी राहून तोंडानं हौ म्हणायला मी इतवारी जातो. दादा, महिन्यातून एकदा येऊन दोन दिवस तिच्यापाशी बसणार का नाही? लहाने, दवाखान्याचं काम निघालं तर येणार का नाही? हौ म्हणा का नाही म्हणा, मले दोन्ही चालते, पण आपल्या तोंडानं म्हणा. चित्र पाठवलं तर मी ते मोजणार नाही. इतवारची सकाळची बस निघायच्या आधी सांगा.